दोन्हीकडून माझी

एका बाईला तिच्या सख्ख्या नातीची आजी मानायला मी नकार दिला, आणि तोही लेखी, सही-शिक्क्यानिशी.

नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या. दसऱ्याच्या बंदोबस्तात एका बड्या माणसाच्या मेहुण्याला पाकीटमार समजून जीपमध्ये बसवलं होतं. एकदा तर माझ्याच ठाण्याची मोटारसायकल बेवारस म्हणून जप्त करून आणली आणि पंचनामाही केला. या गोष्टी मी लग्नाकार्यात पंगतीत रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. ही गोष्ट मात्र पंगतीत कधी सांगितली नाही. घास घशात अडकेल, माझाही आणि ऐकणाऱ्याचाही.

तेव्हा मी म्हैसूरच्या कारखान्यांच्या भागातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. हद्दीत हेब्बाळ, मेटगळ्ळी, त्यातली वर्कशॉपं, आणि सॉफ्टवेअरच्या एका मोठ्या कंपनीत जाणाऱ्या तरुण मंडळींची घरं. सकाळी रोल कॉल, रात्रीच्या गस्तीच्या नोंदी, मग कंपनीच्या बसनं दुचाकीला घासलं म्हणून आलेली भांडणं. दोन्ही बाजूंचं ऐकायचं, दोघांनाही कॉफी पाजायची, आणि दोघांनीही पोलिसांनाच शिव्या देत घरी जायचं, असा आमचा दिवस.

मी मराठी. आमचे पूर्वज कापड रंगवणारे, पिढ्यान् पिढ्या म्हैसुरातच. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मी कन्नड; पुण्याचा पाहुणा आला की तो आमच्याशी हिंदीत बोलायला लागतो. घरात मी, बायको, मुलं आणि अक्का. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मला अरे-तुरे करतात, मी त्यांना. ते का, ते पुढे येईलच.

त्या दिवसांत ठाण्यात एक पडताळणीचं काम आलं. कोणी अवयव द्यायचा म्हटला की दाता खरंच नात्यातला आहे का, त्याच्यावर दबाव नाही ना, व्यवहार नाही ना, हे पोलिसांनी पाहून अहवाल द्यायचा असतो. बहुतेक वेळा हे काम एक कॉन्स्टेबल घरी जाऊन, चहा पिऊन पुरा करतो. हेब्बाळला राहणाऱ्या एका इंजिनिअरच्या तीन वर्षांच्या मुलीचं यकृत निकामी झालं होतं. जन्मापासूनचा आजार. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं, हातपाय काड्या. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून तिला लावायचा, एवढा एकच उपाय उरला होता. ऑपरेशन बंगळूरच्या मोठ्या इस्पितळात व्हायचं होतं.

दाता शोधता शोधता ते घर टेकीला आलं होतं. आईचा रक्तगट जुळेना. वडिलांच्या यकृतावर चरबी निघाली. एक चुलतभाऊ तयार झाला, तपासण्याही झाल्या, आणि ऐन वेळी त्याच्या सासरच्यांनी त्याला उचलून घरी नेलं. कंपनीतला एक मित्र देतो म्हणाला, पण नात्यातला नाही म्हणून त्याची वाट लांबची होती. शेवटी मुलीची आजी पुढे आली, आईची आई. कृष्णराजनगरला तिच्या नवऱ्याची भाताची गिरणी होती. बाई पंचेचाळिशीच्या आतली, धडधाकट. रक्तगट जुळला. डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं, थोडं वजन उतरवा, रोज चाला, रात्रीचा भात सोडा. भातगिरणीच्या मालकिणीनं भात सोडला.

सगळं सरळ होतं. मी सही करणार होतो. तेवढ्यात ठाण्यातला फोन वाजला, आणि माझं दुर्दैव असं की तो मीच उचलला.

पलीकडे पुरुषाचा आवाज, दबलेला, मराठीच. म्हणाला, "साहेब, ती बाई सासू नव्हे. ती त्या इंजिनिअरची सख्खी बहीण आहे. आजी म्हणून दाखवतायत. बाईला फसवून पोट कापायला नेतायत. थांबवा तुम्ही."

"तुम्ही कोण?"

फोन ठेवला. त्याच्या बोलण्यामागं सारखं धडधड, धडधड असा आवाज होता. मी मोठ्या हुशारीनं दफेदाराला सांगितलं, "मेटगळ्ळीतल्या वर्कशॉपमधून फोन आलाय. मागं मशीन चालू होतं."

आमच्याकडं हेड कॉन्स्टेबलला दफेदार म्हणतात. हा माझा दफेदार मंड्याकडचा, थंड डोक्याचा गडी. तो म्हणाला, "सार, मशीन तर कुठंही चालतं."

"तुला काय कळतंय," मी म्हणालो.

कायदा असा: आजी ही जवळची नातेवाईक, तिला देता येतं. आत्या त्या यादीत नाही. ती द्यायची म्हणाली तर समितीपुढे जावं लागतं, चौकशी होते, वेळ जातो. म्हणजे बहिणीला सासू म्हणून उभं करण्यात फायदा उघड होता. शिवाय कुटुंब निघालं मराठी. आमच्या ठाण्यात मराठी बोलणारा अधिकारी मी एकटा. आपल्या भाषेच्या माणसांना सोडलं असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून मी छाती जरा जास्तच पुढे काढली. पोलिसानं निःपक्षपाती असावं, हे खरंच. पण आपण निःपक्षपाती आहोत हे दाखवायची हौस लागली की तो निम्मा आंधळा होतो.

दफेदाराला मी साध्या कपड्यांत कृष्णराजनगरला पाठवलं. तो संध्याकाळी परत आला.

"सार, खबर खरी आहे. गिरणीच्या गल्लीत तीन घरं विचारली. तिन्हीकडं हेच, इंजिनिअर त्या बाईचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, अक्कानंच वाढवला. तिच्याच घरात शिकला."

"मग सासू कशी?"

"ते नाही विचारलं, सार. तुम्ही बहीण आहे का एवढंच विचारायला सांगितलं होतं."

त्या वाक्यावर मी थांबायला हवं होतं. मी खूश झालो. खबर पक्की निघाली की पोलिसाला जो आनंद होतो, तो प्यायलेल्या माणसाच्या आनंदासारखा असतो. मधलं काही दिसत नाही.

तिघांना ठाण्यात बोलावलं, वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. जबाब वेगळे घ्यायचे, मग ताडून पाहायचे, ही आमची शिकवण. इंजिनिअर आला तो गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालूनच. तिशीचा पोरगा, दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. तो इंग्रजीत सुरू झाला. मी मराठीत विचारलं तेव्हा त्यानं चमकून वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटका झाल्यासारखं दिसलं. आपला माणूस भेटला असं वाटलं असावं बिचाऱ्याला.

"दाता बाई तुमच्या कोण?"

"सासू, सर."

"नीट आठवून सांगा."

"सासूच आहेत."

"अक्का नव्हेत?"

त्याचा चेहरा पांढरा पडला. मान खाली. मी खुर्चीत मागं रेललो. नोकरीत शेकडो माना अशा खाली गेलेल्या पाहिल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक गुन्हेगारांच्या होत्या.

"सुम्ने खोटं बोलू नका," मी म्हणालो. सुम्ने म्हणजे उगाच. आमच्या मराठीत तो शब्द मिठासारखा पडतो. "कृष्णराजनगरची अख्खी गल्ली सांगते तुमची बहीण आहे म्हणून."

"सर, माझी मुलगी..."

"मुलीचं मी विचारलेलं नाही."

हे वाक्य मी बोललो होतो. आजही रिकाम्या खोलीत बसलो की ते मला ऐकू येतं.

त्याची बायको, बावीस-तेवीसची मुलगी, रडतच होती. एकच सांगत होती, "माझी आई आहे ती. माझी आई." मी विचारलं, नवऱ्याची ती कोण? तिनं दाराकडं पाहिलं, जणू नवऱ्याची परवानगी दारातून येणार होती, आणि म्हणाली, "त्यांनाच विचारा."

शेवटी आजी. लाल काठाची साडी, हातात डबा. नातीसाठी गाळलेली पेज घेऊन ती तशीच ठाण्यात आली होती. ती माझ्या टेबलासमोर बसली नाही, उभीच राहिली.

"इंजिनिअर तुमचा कोण, बाई?"

"जावई."

"भाऊ नव्हे?"

ती म्हणाली, "साहेब, पेज निवते आहे. ती गरम असेल तरच पोर दोन घोट घेते. मी जाऊन येऊ?"

"आधी उत्तर."

"उत्तर त्यानं दिलं असेल तेच माझं. त्यानं सांगू नको म्हटलं ते मी सांगणार नाही."

घ्या! सांगू नको म्हटलंय, हे बाई स्वतःच बोलली. मी दफेदाराकडं विजयी नजरेनं पाहिलं. तो डब्याकडं पाहत होता.

इस्पितळाच्या लोकांनी कळवलं की रक्ताच्या तपासणीत बाईचं त्या आजारी पोरीशी नातं जुळतंय. मी उलट टपाली शेरा मारला: सख्खी आत्याही रक्ताचीच असते. हा शेरा मला इतका आवडला होता की एसीपी साहेबांनाही वाचून दाखवला. अहवाल गेला: नातं संशयास्पद, आई-मुलीचे कागद बनावट असण्याची शक्यता, पुढील चौकशीपर्यंत परवानगी देऊ नये. इस्पितळानं तारीख थांबवली. त्यांनी तरी काय करावं? पोलिसांचा लेखी आक्षेप असताना कुठला डॉक्टर सुरी उचलेल?

घरी मी यातलं काही बोललो नाही. ठाण्याच्या गोष्टी उंबऱ्याबाहेर ठेवायच्या हा माझा नियम होता, आणि त्याचा मला अभिमान होता. नाश्त्याला अक्कानं तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टी थापता थापता नुसतं विचारलं असतं, "काय रे, कुठली केस?" आणि मी सांगितली असती, तर रोट्टी उलटायच्या आत तपास संपला असता.

मधे दिवस गेले. मुलीची तब्येत ढासळली म्हणून तिला म्हैसुरातल्याच एका इस्पितळात ठेवलं होतं. तिच्या आईच्या जबाबावर एक सही राहिली होती, म्हणून दुपारी मी स्वतःच तिथं गेलो. मोठेपणा नव्हता त्यात. दफेदार रजेवर होता. व्हरांड्यात बाकावर इंजिनिअर बसलेला. मला पाहून उठून उभा राहिला. मी खोलीच्या दाराशी पोचतोय तोच आतून पोरीच्या आईची किंकाळी आली.

"मामा! मामा, लवकर या! पोरीला रक्ताची उलटी झाली, मामा!"

मी थबकलो. तपास चालूच होता ना डोक्यात! मामा? कुठला मामा? पोरीची आई एकुलती एक, तिला भाऊ नाही, असं मीच लिहून घेतलं होतं. मग पोरीला मामा कुठून? मी मागं वळून व्हरांड्यात मामा शोधला. आणि मला धक्का देऊन, हातातली पाण्याची बाटली टाकून, इंजिनिअर आत धावला.

ही हाक मी माझ्याच घरात ऐकली होती.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही पोलीस क्वार्टर्समध्ये राहायला गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात मी ड्यूटीवर निघालो आणि बायकोनं खिडकीतून हाक मारली, "मामा, टोपी राहिली!" समोरच्या क्वार्टरमधला उत्तरेकडचा अधिकारी दात घासत उभा होता, त्याच्या तोंडातला फेस खाली पडला. संध्याकाळी मी बायकोला बजावलं, आजपासून 'अहो'. तिला ते जमायला वर्ष गेलं. जन्मल्यापासून ती मला मामाच म्हणत आली होती, कारण मी तिचा मामाच होतो. तिची आई माझी सख्खी थोरली बहीण. अक्का.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे ऐकून दचकल्यासारखं होईल. तुमच्याकडं मामाच्या मुलीशी लग्न होतं. इकडं दक्षिणेत थोरल्या बहिणीच्या मुलीशी खुद्द मामाचंच होतं. पिढ्यान् पिढ्यांची चाल आहे, कायद्यालाही मंजूर. आम्ही इथं आलो, रुजलो आणि ती चालही उचलली. अक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलं, आणि पुढे आपली मुलगी माझ्या हातात दिली. ती माझी बहीण आहे आणि सासूही आहे. दोन्ही खरं आहे. पण खात्यात मी तिची ओळख कायम 'आमच्या सासूबाई' एवढीच करून दिली. वरिष्ठ घरी आले की बायकोला डोळ्यानं दटावायचो, जीभ घसरू देऊ नकोस म्हणून. इतकी वर्षं ते इतकं सवयीनं लपवलं की मलाच ते दिसेनासं झालं.

आत नर्सेसची धावपळ चालली होती. बऱ्याच वेळानं इंजिनिअर बाहेर आला. शर्टावर रक्ताचे डाग. रक्त थांबलं होतं.

मी विचारलं, "तुमची बायको तुमच्या अक्काची मुलगी?"

त्यानं मान हलवली.

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्यांदा या आजाराचं कळलं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईला एक डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले, जवळच्या नात्यात लग्न करता आणि मग पोरं अशी होतात. मी तिथंच उभा होतो. मला विचारलं तेव्हा मी नात्यात लग्न नाही म्हणून सांगून टाकलं." त्यानं मघाशी टाकलेली बाटली उचलली. "मग अक्का द्यायला तयार झाली. मला वाटलं, ती दोन्हीकडून रक्ताची आहे हे कळलं तर म्हणतील, हिच्याही यकृतात तोच दोष असेल. एकच माणूस मिळाला होता, सर. तोही काढून घेतला तर?"

"मला तरी सांगायचंत. मी मराठी माणूस आहे."

"सांगणार होतो. तुम्ही मराठीत बोललात तेव्हा अगदी तोंडावर आलं होतं. पण मग तुम्ही अक्का म्हणालात, ते शिवी दिल्यासारखं."

मुलीच्या डॉक्टरांना मी स्वतः भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी सांगितलं असतं तरी काही बिघडत नव्हतं. दात्याचं यकृत आम्ही तपासतोच. तपासलंय. उत्तम आहे." इंजिनिअर तिथंच उभा होता. त्यानं तोंडावर हात घेतला.

त्याच दुपारी मी आक्षेप मागं घेतला. म्हणजे मी लिहून दिलं; पण लेखी घातलेली खीळ लेखीच काढावी लागते. एसीपींची सही, मग इस्पितळाचे वकील, मग पुन्हा तारीख. आक्षेप एका दिवसात पोचला होता. माघारीला किती फिरावं लागलं ते विचारू नका. मी जीप घेऊन स्वतः फिरलो. एसीपी म्हणाले, "तो आत्याचा शेरा तुमचाच ना? छान होता." मी हो म्हणालो.

तपास बंद करण्यासाठी आजीचा नवा जबाब हवा होता. ती कृष्णराजनगरला होती. जीप गिरणीच्या दारात थांबली आणि मी इंजिन बंद केलं, तरी धडधड थांबेना. गिरणीचा पट्टा फिरत होता. धडधड, धडधड. मी कान दिला, आणि दफेदाराचं 'मशीन तर कुठंही चालतं' आठवलं.

आजी अंगणात चालत होती. भात वाळत घातलेल्या खळ्याच्या कडेकडेनं, फेरी संपली की दुसरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. मला पाहून थांबली नाही. "एवढी फेरी होऊ दे," म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा मला हाताला धरून गिरणीमागं घेऊन गेला. अंगभर कोंडा, भुवयाही पांढऱ्या. त्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं, आणि ओरडायची त्याला हिंमत नव्हती. शेवटी त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"फोन मी केला होता."

तो पुढे बोलत राहिला.

"तिचं पोट उभं चिरणार म्हणाले. ती टेबलावरच गेली तर? नात माझीही आहे साहेब, जीव तुटतो तिच्यासाठी. पण मी नको म्हटलं तर घर मला राक्षस म्हणेल. पोलिसांनी नको म्हटलं तर कुणाला काही म्हणता येत नाही. म्हणून निम्मं खरं सांगितलं. मला वाटलं, तुम्ही दोन दिवस चौकशी कराल, तोवर दुसरं कुणी मिळेल." त्यानं माझा हात घट्ट धरला. "तिला सांगू नका."

खबऱ्या खोटं बोलला नव्हता. त्यानं मला निम्मं सांगितलं होतं. उरलेलं निम्मं माझ्या घरात रोज सकाळी माझ्या ताटात रोट्टी वाढत होतं.

आजीनं जबाब दिला तो गिरणीच्या पायरीवर बसून. नातं काय लिहू, मी विचारलं. ती म्हणाली, "एक माझ्या पाठचा, एक माझ्या पोटची. दोघांनाही मीच न्हाऊ-माखू घातलं. ती पोर दोन्हीकडून माझी आहे. तुम्हाला कागदावर कुठलं बसतंय ते लिहा." मी तसंच लिहिलं, तिच्याच शब्दांत. अशा भाषेतला जबाब खात्यात दुसरा नसेल.

परवानगी आली. बंगळूरची तारीखही मिळाली. आजीनं पिशवी भरली होती, आत नातीची झबली आणि स्वतःचं एक लुगडं. पण निघायच्या आधीच मुलीला ताप आला. अंगात जंतू पसरले, ते उतरल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही, डॉक्टर म्हणाले. थांबू. थांबले सगळे. ताप उतरला नाही. मुलगी म्हैसुरातच गेली, सकाळी, आजीच्या मांडीवर. दाता मिळालेला असताना.

मी डॉक्टरांना विचारलं होतं, "मी ते मधले दिवस घालवले नसते तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही." ते माझ्यावर दया करत होते की खरं बोलत होते, याचा तपास मी केला नाही. काही तपास करायचं धाडस इन्स्पेक्टरलाही होत नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी कृष्णराजनगरला गेलो. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. माफी मागायला म्हणून निघालो होतो, पण गणवेशात माफी कशी मागतात ते आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. आजी खळ्याच्या कडेनं चालत होती. आता चालायला कुणी सांगितलं नव्हतं. मागं दहा-बारा पावलांवर तिचा नवरा चालत होता, हात मागं बांधून, ती वळली की वळत.

"या, साहेब," ती म्हणाली. "पाय थांबत नाहीत बघा. वजनही उतरलं. आता काय उपयोग."

मी म्हणालो, "बाई, माझ्यामुळं..."

"बिडी," तिनं हात हलवला. सोडा, असं. मग नवरा जरा लांब गेलेला पाहून खाली आवाजात विचारलं, "फोन कुणी केला होता, कळलं?"

मी म्हणालो, "नाही. अनोळखी."

तिनं गिरणीकडं पाहिलं. पट्टा बंद होता त्या दिवशी.

"बरं झालं कळलं नाही ते," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं असतं तर मलाही कळल्यासारखं वागावं लागलं असतं. मला याच घरात राहायचं आहे, त्याच माणसाला चहा करून द्यायचा आहे."

मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. नोकरीत मी घेतलेला तेवढा एकच निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

निवृत्तीनंतर नव्या पोरांसमोर बोलायला मला कधीमधी बोलावतात. मी त्यांना सांगतो, लाज आणि गुन्हा हे दोन्ही चेहऱ्यावर एकसारखेच दिसतात: मान खाली, ओठ कोरडे, जबाबात फाटे. फरक ओळखायचा असेल तर समोरच्याला आधी बसायला खुर्ची द्या, आणि त्याच्या हातात डबा असेल तर आधी तो पोचवू द्या. दोघांनी एका माणसाबद्दल वेगवेगळं सांगितलं, तर दोघंही खोटे असतीलच असं नाही. आणि जी गोष्ट तुम्ही स्वतः लपवता, ती दुसऱ्यानं लपवलेली तुम्हाला दिसायला हवी होती, हेही सांगतो. पोरं हे लिहून घेतात. मी त्यांना कुठल्या केसवरून हे शिकलो, ते सांगत नाही.

घरी मात्र सांगितलं. मुलगी गेली त्याच संध्याकाळी, सगळं, फोनपासून. बायको ऐकता ऐकता उठून आत गेली. अक्का भाजी निवडत होती. तिनं वर न पाहता भाजी निवडणं चालू ठेवलं. कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

पुढं एकदा नवे एसीपी सपत्नीक घरी आले. अक्का कॉफी घेऊन बाहेर आली. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "सर, ही माझी अक्का. माझी सख्खी थोरली बहीण. आणि माझी सासूसुद्धा. माझी बायको हिचीच मुलगी." एसीपींनी छान हसून नमस्कार केला. त्यांच्या बायकोनं तर सांगितलं की तिच्या आईवडिलांचंही लग्न असंच. काही कोसळलं नाही. पाहुणे गेले. माझी छाती जरा फुगली होती. अक्का कप गोळा करत होती, मी तिच्या तोंडाकडं पाहत उभा राहिलो.

"पाहिलंस? सांगितलं की नाही?" मी म्हणालो.

अक्कानं कपांचा ट्रे उचलला.

"आता सांगून कुणाला रे उपयोग? जिला झाला असता ती पोर गेली. सरक, वाटेत उभा राहू नकोस."